गोरज मुहूर्ताचा मोगरा

पहाटेचे साडेचार वाजलेत. दादर पश्चिमेच्या फुलबाजारात दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात रस्ता दिसतच नाही, नुसत्या राशी दिसतात. पायाखाली ओल्या पाकळ्यांचा चिखल. डोक्यावर पाटी घेतलेला हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतो आणि वहिनी मला दंडाला धरून कडेला ओढतात.

"वन्सं, पर्स पुढे घ्या."

आज त्यांच्या लेकीचं, माझ्या भाचीचं लग्न. मुहूर्त गोरज, 6 वाजून 52 मिनिटांचा. मंडपवाल्याने स्टेजमागच्या ऑर्किडच्या भिंतीसकट फुलांचे 65 हजार सांगितले होते. वहिनींनी त्याला पडदे आणि चौरंगापुरतं ठेवलं, फुलं स्वतःकडे घेतली. त्यांच्या बटव्यात 12 हजार आहेत आणि वहीच्या फाडलेल्या पानावर यादी. हे पैसे साड्यांना फॉल-पिको करून जमलेले आहेत, त्यामुळे ती यादी त्या चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचतायत.

विरारकडच्या लोकलच्या मालडब्यातून उतरलेल्या पाट्या एकेक करून येतायत. ओल्या गोणपाटाखाली मोगऱ्याच्या कळ्या, केळीच्या पानात सोनचाफा, लिलीच्या घट्ट मिटलेल्या गड्ड्या. आमची खरेदी मोगऱ्यापासूनच सुरू व्हायची आहे, कारण वैशाख आहे. थंडीत हाच मोगरा दुर्मिळ होतो, भाव आवाक्याबाहेर जातो, आणि गजऱ्यात बिनवासाचा कागडा येऊन बसतो. आज मोगऱ्याचे ढीग लागलेत.

"कसा?"

"तीनशे साठ."

"चार किलो घेतेय दादा."

"तीनशे वीस. ताई, आत्ताच उतरलाय, हात लावून बघा."

वहिनी हात लावतात. कळी कडक, टोकाला किंचित हिरवी. उमललेलं एकही फूल त्या घेत नाहीत. जे आत्ता उमललंय ते संध्याकाळी तांबूस पडणार. मिटलेली कळी गोरजेच्या सुमारास उघडायला लागते. मुहूर्त संध्याकाळचा ठरला तेव्हाच वहिनींनी मोगरा मनात धरला होता, हे मला आत्ता उमगतं.

गुलाबांपाशी मी थांबते. वीस फुलांची गड्डी, लालभडक. वहिनी गड्डी उलटी करतात आणि देठाजवळ बोट ठेवतात. बाहेरच्या पाकळ्या सोलून काढलेल्या आहेत, म्हणजे माल कालचा किंवा परवाचा. शिवाय उन्हाळ्यात गुलाब फार तग धरत नाही. आम्ही फक्त दोन हारांपुरता घेतो, तोही दुसऱ्या गाळ्यावरून.

गोंडा पंचवीस किलो हवाय, दारासाठी आणि खांबांसाठी. पहिल्या ढिगातलं फूल मी हातात घेऊन दाबते, तर बोटांतून पाणी ओघळतं. भरपूर पाणी मारलंय. वजन पाण्याचं, आणि असं फूल दुपारपर्यंत आतून काळं पडतं. चार पावलांवर कोरडा, भरीव गोंडा मिळतो. किलोमागे दहा रुपये जास्त, तरी वहिनी तोच घेतात. माळा घरी भाचे मंडळी ओवणार आहेत. दाभण आणि सुतळी रात्रीच काढून ठेवलीय. आंब्याचे डहाळे आणि आसोपालवाच्या जुड्या घेतल्या की खांब भरतील. हिरव्या पानांनी मांडव जितका भरतो तितका महागड्या फुलांनी भरत नाही, हे माझं ठाम मत आहे. स्टेजवरचं ऑर्किड लोक तीस फुटांवरून बघतात, आणि त्याला वासही नाही. केसातला मोगरा जवळ येऊन नमस्कार करणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचतो.

कडेला पोत्यावर चार बायका गजरे करत बसल्यात. केळीच्या सोपटाचा ओला दोर डाव्या हाताच्या बोटांत, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, गाठ. सुई नाही. बोटं इतकी भरभर चालतात की गाठ कधी पडते ते दिसत नाही. आमच्या कळ्या त्यांच्यापुढे ओततो. शंभर गजरे, शिवाय नवरीची वेणी, तीत मधे आबोलीच्या दोन ओळी.

"गजऱ्याला सहा रुपये पडतील. वेणीचे वेगळे दोनशे," सगळ्यात म्हातारी बाई मान वर न करता सांगते.

मी तोंड उघडते. "मावशी, शंभर गजरे आहेत, पाच–"

"वन्सं, राहू दे." वहिनींचा आवाज हळू, पण पक्का. "साडीमागे पाच रुपये कमी करा म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात."

त्या पोत्याच्या कडेला उकिडव्या बसतात आणि कळ्या निवडून द्यायला लागतात. मीही बसते. किडकी बाजूला, देठ तुटलेली बाजूला. म्हातारी आमच्या हातांकडे बघते, आपली परडी आमच्या बाजूला सरकवते. बराच वेळ कुणी बोलत नाही.

उजाडायला लागलंय. हारवाला निशिगंधाचे दोन हार कागदात बांधून देतो आणि बजावतो, "घरात आंबे असतील ना? अढीजवळ ठेवू नका. पिकत्या फळाच्या वाफेनं फूल सुकतं." घरी दोन पेट्या आहेत, बरोबर त्याच खोलीत जिथे फुलं ठेवायची ठरली होती. वहिनी तिथूनच फोन लावतात: "पेट्या बाहेर गॅलरीत काढा. आत्ताच्या आत्ता."

टॅक्सीत बसल्यावर हिशेब होतो. गोंडा, मोगरा, लिली, हार, डहाळे, मजुरी, हमाली, सगळं धरून 9,400. वहिनी आकडा यादीखाली लिहितात, दोनदा अधोरेखित करतात.

गजरे केळीच्या पानात, त्यावर ओलं फडकं, माझ्या मांडीवर. तुळशी पाईप रोडवर सिग्नलला टॅक्सी थांबते तशी वहिनी फडक्याचं टोक उचलून आत बघतात.

"मिटलेल्याच आहेत ना?" मी विचारते.

"घट्ट," त्या म्हणतात, आणि पान पुन्हा मिटवून घेतात.