लॉक वेग राखतो, नोंद सत्य राखते

आरमोरी तालुका वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा. खरिपाचे धान घरात आले आणि आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रांवर विक्रीची लगबग सुरू झाली, की सातबाऱ्याची गरज थोड्याच दिवसांत सगळ्यांना एकदम पडते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंदही मोबाइलवर आली. म्हणजे शेतकऱ्याचे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे दोन-तीन आठवडे आता एखाद्या सर्व्हरच्या तब्येतीवर अवलंबून असतात. हजारो लोक एकाच वेळी एकच माहिती मागतात तेव्हा संकेतस्थळ कोलमडू नये, यासाठी संगणकशास्त्राने गेल्या दोन दशकांत जे उपाय केले त्यांत कॅश आणि तिच्यावरचा वितरित लॉक हे प्रमुख आहेत. या वाटचालीचा मागोवा घेतला तर एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो: कॅशवरचा लॉक वाया जाणारे कष्ट वाचवण्यासाठी उत्तम आहे, पण सत्य राखण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. ते काम नोंद जिथे राहते तिथेच व्हायला हवे.

आधी अडचण नेमकी काय, ते पाहू. मूळ डेटाबेसकडून उत्तर मिळवायला वेळ लागतो, म्हणून एकदा तयार झालेले उत्तर जलद स्मृतीत ठेवतात आणि त्याला ठरावीक मुदत देतात. ही झाली कॅश. मुदत संपते त्या क्षणी तेच पान मागणारे शेकडो जण हजर असतील, तर प्रत्येकाला कॅश रिकामी दिसते आणि प्रत्येक जण डेटाबेसकडे धाव घेतो. डेटाबेस मंदावतो, उत्तर यायला उशीर होतो, तोवर आणखी मागण्या साचतात. तज्ज्ञ याला कॅश स्टॅम्पीड म्हणतात. यावरचा साधा उपाय असा, की पहिल्या मागणीने लॉक घ्यावा, तिनेच नवे उत्तर तयार करावे आणि बाकीच्यांनी क्षणभर थांबावे किंवा जुनी प्रत घ्यावी. मात्र मोठे संकेतस्थळ एका यंत्रावर चालत नाही. एका सर्व्हरच्या स्मृतीतला लॉक दुसऱ्या सर्व्हरला दिसत नाही. म्हणून सर्वांना दिसेल अशा सामायिक ठिकाणी लॉक ठेवावा लागतो, आणि तिथूनच खरी गुंतागुंत सुरू होते.

2003 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी मेमकॅश्ड ही कॅशप्रणाली तयार केली. त्यातली ‘ॲड’ ही आज्ञा दिलेली किल्ली, म्हणजे साठवलेल्या माहितीचे नाव, आधीपासून नसेल तरच यशस्वी होते, त्यामुळे कॅशलाच लॉकचे काम देण्याची पद्धत रुळली. 2009 मध्ये साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांचे रेडिस आले आणि हीच पद्धत तिथेही चालू राहिली. पण लॉक घेतलेला सर्व्हर मध्येच बंद पडला तर लॉक कायमचा अडकून राहतो. म्हणून लॉकलाही मुदत द्यावी लागली. ही कल्पना नवी नव्हती. ग्रे आणि चेरिटन यांनी 1989 मध्येच मुदतीच्या हक्काची, म्हणजे लीजची, मांडणी केली होती. सुरुवातीच्या काळात रेडिसमध्ये लॉक घेणे आणि मुदत लावणे या दोन वेगळ्या आज्ञा होत्या. त्या दोहोंच्या मध्ये सर्व्हर बंद पडला तर लॉक बिनमुदतीचा राहायचा. 2013 मध्ये दोन्ही कामे एकाच आज्ञेत आली. लॉक सोडतानाही तो आपलाच आहे ना, हे प्रत्येक धारकाने स्वतःच्या यादृच्छिक खुणेवरून तपासावे, नाहीतर मुदत संपल्यावर दुसऱ्याने घेतलेला लॉक आपल्या हातून सुटेल, हा नियमही याच अनुभवातून आला.

हा उपाय किती गरजेचा आणि कामाचा आहे, याचे पुरावे भक्कम आहेत. 23 सप्टेंबर 2010 रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले. कॅशमधले एक मूल्य चुकीचे दिसल्यावर प्रत्येक सर्व्हर ते दुरुस्त करायला डेटाबेसकडे गेला, डेटाबेस कोलमडला, आणि त्याच्याकडून आलेल्या प्रत्येक त्रुटीमुळे कॅश आणखी रिकामी होत गेली. 2013 मध्ये त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी लीजचे परिणाम प्रसिद्ध केले. स्टॅम्पीडला बळी पडणाऱ्या निवडक किल्ल्यांसाठी डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला सुमारे 17,000 मागण्यांवरून 1,300 वर आला. एका किल्लीसाठी दहा सेकंदांत एकालाच परवाना मिळेल, एवढाच तो नियम होता. अशा कामात लॉक क्वचित चुकला आणि दोघांनी एकच पान तयार केले, तरी नुकसान थोडे ज्यादा श्रम एवढेच. म्हणूनच इथे साधा, स्वस्त लॉक पुरतो.

चुकीची किंमत मोठी असते तिथे मात्र हिशेब बदलतो. 2016 मध्ये मार्टिन क्लेपमन यांनी सानफिलिप्पो यांच्या रेडलॉक पद्धतीवर टीका केली. रेडलॉकमध्ये पाच स्वतंत्र रेडिसपैकी किमान तिघांकडून लॉक मिळवायचा असतो. क्लेपमन यांचा मुद्दा असा: लॉक मिळाल्यावर धारकाचा प्रोग्राम काही काळ गोठला, मुदत संपली, दुसऱ्याने लॉक घेतला आणि मग पहिला जागा झाला, तर दोघेही लिहितील. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की प्रत्येक लॉकसोबत चढता क्रमांक द्यावा आणि साठवणुकीने जुन्या क्रमांकाचे लेखन नाकारावे. गूगलच्या चबी या लॉक-सेवेत 2006 मध्येच अशा क्रमांकाची सोय होती. सानफिलिप्पो यांनी उत्तर दिले, की लॉक घेताना गेलेला वेळ धारक मोजतोच; आणि साठवणूक क्रमांक तपासण्याइतकी समर्थ असेल तर मुळात लॉकची गरजच काय? पहिला युक्तिवाद अपुरा आहे, कारण वेळ मोजल्यानंतर आणि लेखन पोहोचण्याआधी येणारा खोळंबा कोणताही लॉक पकडू शकत नाही. दुसरा प्रश्न मात्र विषयाच्या गाभ्याला हात घालतो, आणि त्याचे उत्तर क्लेपमन यांच्याच बाजूला झुकते: अंतिम तपासणी साठवणुकीनेच करायची असेल, तर सत्याची हमीही तिचीच, लॉकची नव्हे.

महसूल खात्याला ही गोष्ट संगणकापूर्वीपासून ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार जमिनीच्या हक्कातला बदल आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकाने चढतो, संबंधितांना हरकतीची संधी मिळते, आणि प्रमाणित झाल्यावरच तो सातबाऱ्यावर येतो. सातबाऱ्यावर नावाजवळ त्या फेरफाराचा क्रमांक असतो. दफ्तर कोणाच्या ताब्यात होते, यावर नोंदीची खातरी उभी राहत नाही. बदल आपला क्रमांक सोबत घेऊन येतो आणि तोच त्याची ओळख पटवतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की आरमोरीसारख्या तालुक्यात एवढा भार कुठून येणार? पण स्टॅम्पीड एकूण लोकसंख्येवर अवलंबून नसते. एकाच क्षणी संपणारी मुदत आणि मंद डेटाबेस एवढे पुरते, आणि मंद नेटवर्कमुळे बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले तर मागण्या वाढतातच. त्याच दाबण्यातून एकच अर्ज दोनदा नोंदला जाण्याचा धोका असतो. तो कॅशवरचा लॉक टाळू शकत नाही. अर्जाला एकच ओळखक्रमांक आणि डेटाबेसमध्ये त्याच्या एकमेवतेची अट असेल तरच तो टळतो. दुसरा आक्षेप जुन्या प्रतीचा: शिळा सातबारा दाखवणे घातक नाही का? व्यवहारासाठी घातकच आहे. म्हणून पाहण्यापुरत्या प्रतीवर ती कोणत्या वेळची आहे हे ठळक लिहावे, आणि खरेदी, कर्ज किंवा फेरफार यांच्या निर्णयक्षणी थेट मूळ नोंद वाचावी.

लोकांच्या जमिनीची आणि धानाच्या पैशाची नोंद सांभाळणारी यंत्रणा उभारणाऱ्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पान लवकर मिळावे, हा पहिला. त्यासाठी मुदतीचा साधा लॉक पुरेसा आहे आणि त्याहून अवघड काही बांधणे म्हणजे पैशाचा अपव्यय. नोंद चुकू नये, हा दुसरा. त्यासाठी क्रमांक, अट आणि तपासणी मूळ डेटाबेसमध्येच हवी. पहिल्याच्या साधनावर दुसऱ्याची जबाबदारी टाकली, तर चूक उघड होईल ती ऐन गर्दीच्या दिवशी आणि तिचे ओझे त्या दिवशी रांगेत असलेल्या शेतकऱ्यावर पडेल. ही विभागणी कामाच्या पहिल्या दिवशीच करणे, हे त्याच्याप्रति असलेले कर्तव्य आहे.