पिनबॉल : नशीब की हातोटी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत लाकडी फळीवरील खिळ्यांच्या कुंपणांतून गोळ्या सोडण्याचा बॅगाटेलचा खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना पिनबॉलचे मूळ निराळे सांगावयास नको. १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी या फळीला स्प्रिंगचा दट्ट्या जोडून त्याचे पेटंट घेतले. पुढे महामंदीत, १९३१-३२ च्या सुमारास, शिकागोच्या कारखान्यांनी नाणे टाकून चालणारी यंत्रे बाजारात आणली. लोकांच्या हाती वेळ पुष्कळ आणि पैसा थोडा, अशा त्या दिवसांत ती झपाट्याने पसरली.

त्यांतील काही यंत्रे जिंकणाऱ्यास रोख पैसे देत. त्यामुळे हा खेळ जुगारच होय, असे न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी ठरवले व १९४२ साली शहरात त्यावर बंदी घातली. शाळकरी मुलांच्या खिशातील नाणी ही यंत्रे लुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. जप्त केलेल्या यंत्रांवर स्वतः महापौरांनी घण घातला आणि वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. त्या वेळेपुरता हा आक्षेप निराधार नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. एकदा दट्ट्या सोडला की गोळी कोठे जाईल, हे खेळाडूच्या हाती फारसे नसे. यंत्राला धक्का देणे, एवढेच त्याला करता येई. आणि त्यालाही आळा घालण्यासाठी यंत्राच्या पोटात गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन कड्यात टांगलेले असे. धक्का प्रमाणाबाहेर गेला, वजन कड्याला टेकले, की खेळ तिथेच संपे.

परंतु १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर आले आणि खेळाचे स्वरूपच पालटले. बटण दाबताच उसळणाऱ्या या छोट्या वल्ह्यांनी खाली घसरणारी गोळी पुन्हा वर, आणि सरावाने हव्या त्या दिशेला, मारता येऊ लागली. नशिबाच्या खेळात हाताचे कौशल्य शिरले. कायद्याने मात्र त्याची दखल घेतली नाही. खेळ बदलला तरी न्यूयॉर्कची बंदी पुढे जवळजवळ तीन दशके तशीच राहिली. एकदा लावलेला कलंक पुसण्याची घाई कोणत्याच सरकारला नसते.

१९७६ साली नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण लेखकाची साक्ष झाली. सभागृहात यंत्र आणले होते. त्यात काही लबाडी असावी, या संशयाने एका सदस्याने राखीव ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर खेळावयास लावले. खेळता खेळता शार्प यांनी दट्ट्या ओढला आणि गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल, असे आधी सांगून सोडली. ती तशीच गेली. बंदी उठली. मौज अशी, की तो नेम बव्हंशी नशिबाने साधला, हे शार्प यांनी पुढे स्वतःच सांगितले. आणि तेही फ्लिपरने नव्हे, तर त्याच जुन्या दट्ट्याने!

या खेळाची गोडी नेमकी या संदिग्धतेत आहे. सुमारे ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी साडेसहा अंशांच्या उतारावरून घरंगळते, ती खऱ्या गुरुत्वाकर्षणाने. पडद्यावरील व्हिडिओ खेळात आकृती आखलेल्या नियमानुसारच हलते; येथे गोळीचा प्रत्येक प्रवास निराळा. म्हणूनच व्हिडिओ खेळांच्या लाटेत विल्यम्ससारख्या नामांकित कंपनीने १९९९ साली पिनबॉलचा विभाग बंद केला, तरी खेळ बुडाला नाही. शिकागोच्या स्टर्न कंपनीने निर्मिती चालू ठेवली, २०११ नंतर नवे कारखानेही उभे राहिले. जुनी यंत्रे घरी बाळगणाऱ्या शौकिनांना मात्र खेळण्याइतकाच वेळ दुरुस्तीत घालवावा लागतो : रबराची कडी झिजतात, दिवे जातात, तारांचे टाके सुटतात, आणि ही यंत्रे उघडून पाहू शकणारा जाणता कारागीर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे.