बारा फुटांचे घर

चंदीगढचे भव्य विधानभवन व उच्च न्यायालय आपण निदान चित्रांत तरी पाहिले असेल. त्यांचे आराखडे करणारे वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्ब्यूझ्ये स्वतः कोठे रमत असत, ठाऊक आहे? फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून येथे, १९५२ साली स्वतःसाठी बांधविलेल्या एका लाकडी खोपटीत! लांबी बारा फूट, रुंदीही बाराच.

आत पलंग, मेज, कपाट व हात धुण्याचे पात्र. पलंगाखाली सामानाचे खण. स्वयंपाकघर नाहीच, शेजारच्या खाणावळीत जाण्यासाठी भिंतीत एक दार. खिडक्यांबाहेर भूमध्य समुद्र. २०१६ साली चंदीगढचे ते संकुल व ही खोपटी जागतिक वारसा यादीत एकाच नोंदीने दाखल झाली.

परंतु वाचकहो, एवढ्याच खोलीत आपल्याकडे कित्येक कुटुंबे जन्म काढतात, आणि ती त्यांनी निवडलेली नसते. ल कॉर्ब्यूझ्ये यांचे पॅरिसला दुसरे घर होते. येथे ते सुटीत येत. तेव्हा अडचणीचे गोडवे गाण्यासाठी हे उदाहरण कोणी पुढे करू नये.

आपण घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. घर पाहताना ‘खोल्या किती?’ या प्रश्नाआधी ‘येथे आपण रोज काय करणार?’ याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा. मुलांचा खेळ, निवांत वाचन, चार मंडळींची बैठक यांसाठी जवळ मैदान, वाचनालय, सावलीचा पार आहे की नाही, हेही पाहावे. लहान घर सुखाचे व्हायचे तर त्याचा शेजार मोठा हवा. त्या खोपटीला समुद्राचा शेजार होता.