विजेचे मालिश-शेक यंत्र : रचना आणि एक उणीव

मालिश आणि शेक ही आपल्या घराघरांतील जुनी जोडी आहे. बाळाला तेल लावून झाले की तव्यावर गरम केलेल्या कापडाचा हलका शेक, बाळंतिणीच्या कमरेला शेगडीची ऊब, वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून वर विटेचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा शेक, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आयुर्वेदाने या क्रमाला स्नेहन आणि स्वेदन अशी शास्त्रीय नावे दिली. सुश्रुताने स्वेदाचे चार प्रकार सांगितले, तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार वर्णिले आहेत.

या दोन्ही क्रिया एकाच उपकरणात आणण्याचे प्रयत्न पाश्चात्त्य देशांत वीज घरोघरी पोहोचू लागली तेव्हापासून झाले. त्या यंत्रांचे वंशज आज गरम होणारे पट्टे, गाद्या, उशा आणि खुर्च्या या रूपांत आपल्या बाजारात मुबलक आहेत. २००० नंतरच्या दशकात तर गरम रोलर असलेल्या मालिश-खाटांची मोफत अनुभव-केंद्रे आपल्याकडील अनेक शहरांत निघाली आणि सकाळी तेथे ज्येष्ठ नागरिकांच्या रांगा लागत. ही उपकरणे आतून कशी असतात, मूळ रचनेतील कोणती अडचण अद्याप पुरती सुटलेली नाही, आणि त्याचा आपल्या रुग्णांशी काय संबंध, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हाताची जागा यंत्राने घेतली

युरोपात मालिशला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. पुढे अॅमस्टरडॅमचे डॉ. योहान मेझगर यांनी मालिशच्या हस्तक्रियांची व्यवस्थित वर्गवारी केली : हलके घासणे, मळणे, चोळणे आणि थापटणे. क्रिया अशा सुट्या झाल्या की त्या यंत्राकडे सोपवण्याची कल्पना सुचणे स्वाभाविकच होते. स्टॉकहोमचेच डॉ. गुस्ताव झांडर यांनी १८६५ मध्ये यांत्रिक व्यायामाची संस्था उघडली. त्यांच्या यंत्रांपैकी काही वाफेच्या इंजिनावर चालत आणि अंग थापटण्याचे किंवा हलवण्याचे काम करीत.

विजेचा उपयोग करणाऱ्या पहिल्या वैद्यांत लंडनचे डॉ. जोसेफ मॉर्टिमर ग्रॅन्व्हिल यांचे नाव घ्यावे लागते. कंपनाने मज्जातंतूंना उत्तेजन देण्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या विद्युत्-यंत्राचे तत्त्व दारावरच्या घंटीचे होते. विद्युत्‌चुंबक लोखंडी दांडी ओढून घेतो, त्या हालचालीनेच मंडल तुटते, दांडी मागे येते आणि मंडल पुन्हा जुळते. हा खेळ सेकंदाला अनेक वेळा चालला की दांडीच्या टोकाचा छोटा हातोडा अंगावर टकटक करू लागतो. यंत्र हातात मावे, पण त्याची बॅटरी वेगळी सांभाळावी लागे. शहरांतून वीजपुरवठा सुरू झाला आणि लहान, वेगवान मोटरी तयार होऊ लागल्या, तेव्हा ही अडचण दूर झाली. अमेरिकेत १९१० मध्ये स्थापन झालेल्या हॅमिल्टन बीच या कंपनीच्या अगदी पहिल्या उत्पादनांत हातात धरण्याचे मालिश-यंत्र होते. मोटरीच्या दांड्यावर मध्यबिंदूपासून किंचित सरकवून वजन बसवले की ते फिरताना सारे यंत्र थरथरते. आजच्या मोबाइल फोनमधील थरथरही अनेकदा याच युक्तीतून येते.

उष्णता निर्माण करणे सोपे झाले

तारेतून वीज वाहिली की ती तापते, आणि निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग व तारेचा रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडला होता. तरीही टिकाऊ तापकतार मिळायला आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली. तापलेली लोखंडी तार हवेतील प्राणवायूने गंजून तुटत असे. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे अमेरिकन पेटंट मिळाले. या ‘नायक्रोम’ तारेवर तापताच क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर जमतो आणि तोच तिचे रक्षण करतो. इस्त्री, टोस्टर, शेगडी या घरगुती उपकरणांचा मार्ग या तारेने मोकळा केला.

अशा उपकरणात तार अभ्रकाच्या पातळ पट्टीवर गुंडाळून ती धातूच्या तबकडीमागे घट्ट बसवलेली असते. अभ्रक विजेला अडवते, मात्र पातळ असल्यास उष्णता पुढे जाऊ देते. त्या काळी जगाला लागणाऱ्या पातळ अभ्रकाचा मोठा भाग भारतातून, विशेषतः आजच्या झारखंडमधील कोडरमा परिसरातून, जात असे. इस्त्रीतील हीच रचना लहान करून मोटरीच्या थरथरत्या टोकाशी जोडली की शेक आणि मालिश एकत्र देणारे यंत्र झाले.

उष्णता कमी-अधिक करण्याची त्या काळातील सोय तीन पायऱ्यांच्या बटणाची होती. सारख्या रोधाच्या दोन तारा घ्यायच्या. दोन्ही समांतर जोडल्या तर सर्वाधिक उष्णता, एकच चालू ठेवली तर तिच्या निम्मी, आणि दोन्ही एकामागोमाग जोडल्या तर एक-चतुर्थांश. रचना सोपी आणि स्वस्त होती. परंतु हे बटण वीज किती खर्चावी एवढेच ठरवते. अंग किती तापले आहे, याची त्याला काहीच खबर नसते.

थांबवणार कोण?

पारंपरिक शेक आणि विजेचा शेक यांतील मूलभूत फरक येथे दिसतो. रबरी पिशवीत एक लिटर पाणी ७० अंश सेल्सिअसला भरले आणि ते ४० अंशांपर्यंत निवले, तर त्यातून सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढीच तिची शिल्लक. धोका असतो तो पहिल्या काही मिनिटांत, आणि तेव्हा रुग्ण बहुधा जागा असतो. आता केवळ ४० वॅटची तापकपट्टी घ्या. ती एका तासात १४४ किलोज्यूल उष्णता देते, दुसऱ्या तासात पुन्हा तेवढीच आणि आठ तासांच्या झोपेत पिशवीच्या नऊपट. पिशवी आपोआप निवते, वीज थकत नाही. पट्टीवर पांघरूण पडले किंवा ती अंगाखाली दबली, तर उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते आणि तापमान चढत राहते. विजेच्या शेकाचा धोका वेळेबरोबर वाढतो, आणि तो मोठा होईपर्यंत रुग्णाला झोप लागलेली असते.

तापमान पाहून आपोआप मंडल तोडणारे साधन अज्ञात होते असे नाही. दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते, या तत्त्वावरील थर्मोस्टॅटचे पेटंट अँड्र्यू उर यांनी १८३० मध्येच घेतले होते. पण हळूहळू वाकणाऱ्या पट्टीचे टोक सतत थरथरणाऱ्या यंत्रात स्थिर राहणे अवघड, शिवाय त्याने किंमतही वाढणार. सुरुवातीच्या साध्या यंत्रांत म्हणूनच हे काम वापरणाऱ्यावर सोपवलेले होते. चटका बसला तर त्याने हात काढावा किंवा बटण बंद करावे. यंत्राचा थर्मोस्टॅट म्हणजे रुग्णाची त्वचा, अशीच ती योजना होती. पुढे उपकरणांत थर्मोस्टॅट आले, परंतु ते सामान्यतः तबकडीचे किंवा तारेजवळचे तापमान मोजतात. त्वचेचे तापमान त्यांना कळत नाही.

त्वचा किती विश्वासू?

त्वचेच्या मज्जातंतूंतील ‘टीआरपीव्ही-१’ हा ग्राही सुमारे ४३ अंशांना जागा होतो आणि दाहाची सूचना मेंदूकडे जाते. १९९७ मध्ये तो शोधणारे डेव्हिड ज्युलियस हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ही सूचनाव्यवस्था तप्त तव्यासाठी उत्तम आहे. मंद, दीर्घ शेकासाठी मात्र ती तितकीशी भरवशाची नाही. मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार ६० अंशांना त्वचा काही सेकंदांत भाजते, पण ४४ अंशांनाही सुमारे सहा तासांत कायमची इजा होते. ४४ ते ५१ अंशांच्या दरम्यान दर अंशामागे इजेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे ज्या तापमानाला माणूस ‘छान ऊब आहे’ म्हणत झोपी जातो, तेच तापमान पहाटेपर्यंत त्याला भाजू शकते.

यात दाबाची भर पडते. त्वचेला थंड ठेवण्याचे काम वाहते रक्त करते. शेक लागताच रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता दूर वाहून नेतात. मात्र शरीराच्या भाराखाली केशवाहिन्या दबल्या की तो प्रवाह थांबतो आणि उष्णता तेथेच साठते. यंत्र अंगावरून फिरवत शेकणे आणि त्याच्यावर टेकून झोपणे या दोन गोष्टी शरीराच्या दृष्टीने अगदी वेगळ्या आहेत. महिनोन्महिने एकाच जागी सौम्य शेक घेणाऱ्यांच्या कातडीवर जाळीदार काळपट-तांबूस डाग उठतात.

ज्या त्वचेची सूचनाव्यवस्था मुळातच क्षीण आहे, तिची स्थिती सांगायलाच नको. मधुमेहात तळपायाची संवेदना गेलेली व्यक्ती, पक्षाघाताचा रुग्ण, झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेतलेला मनुष्य, कमरेखाली भूल दिलेली स्त्री, आणि बोलू न शकणारे तान्हे मूल. चरकाने स्वेदन कोणास करू नये याची जी यादी दिली, तिच्यात मधुमेही, गर्भिणी, मद्याने विकार झालेला आणि संज्ञा नष्ट झालेला यांचा समावेश आहे. त्या यादीमागील विचार दोष-धातूंच्या परिभाषेत होता. तरी आजच्या शल्यचिकित्सकाने मधुमेही पायाचा भाजलेला व्रण पाहून ती वाचली, तर त्याला ती नवी वाटणार नाही.

नवजात शिशूंनी शिकवलेला धडा

हाच प्रश्न बालवैद्यकात वेगळ्या मार्गाने सुटत गेला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. पॅरिसमध्ये स्तेफान तार्निये यांनी १८८० च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी ऊबपेटी वापरात आणली, तेव्हा ती गरम पाण्यावर चाले आणि तिच्यावर परिचारिकेचे लक्ष असे. १९५८ मध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पेटीचे तापमान जेमतेम तीन अंशांनी अधिक ठेवले, तर अधिक बालके वाचतात. एवढ्याशा फरकाने प्राण वाचतात किंवा जातात, तर पेटीतील हवेचे तापमान मोजून भागणार नाही, हे उघड झाले. १९६३ मध्ये अॅगेट आणि सिल्व्हरमन यांनी बालकाच्या त्वचेवरच संवेदक लावून त्याच्या नोंदीप्रमाणे उष्णता कमी-अधिक करण्याची पद्धत मांडली. आजचे वॉर्मर याच पद्धतीवर चालतात. तिलाही मर्यादा आहे. संवेदक निसटला की यंत्राला बाळ थंड वाटते आणि ते तापतच राहते. नवजात विभागातील परिचारिका दर फेरीला आधी ती छोटी चकती जागेवर आहे ना हे पाहते, त्याचे कारण हेच.

बोगोटा येथे १९७८ मध्ये एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केलेली ‘कांगारू मातृसेवा’ ही या प्रश्नाची सर्वांत साधी सोडवणूक म्हणता येईल. आईची छाती उष्णता देते, बाळाच्या हालचालीला प्रतिसाद देते, आणि तिचे तापमान निरोगी स्थितीत मर्यादेबाहेर जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बालकांसाठी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही पद्धत सुरू करण्याची शिफारस केली.

रुग्णांना काय सांगावे?

विजेचा शेक वाईट आहे असे मुळीच नाही. स्नायूंच्या आखडलेपणात तो आराम देतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. परंतु वैद्यकीय विद्युत्-उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, ज्यांचे काम उष्णता देणे नाही अशा भागांनी दहा मिनिटे वा त्याहून अधिक काळ त्वचेला टेकायचे असेल तर ४३ अंशांची मर्यादा घातलेली आहे, हे ध्यानात असावे. रुग्णाने उपकरण विकत घेण्याविषयी विचारले, तर त्याला चार गोष्टी सांगाव्यात. ठरावीक वेळाने स्वतः बंद होणारेच उपकरण घ्या. ते अंगावर ठेवा, अंगाखाली नको. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून त्वचा डोळ्यांनी पाहा. आणि ते लावून झोपू नका. मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना आधी तपासावी, आणि ती कमी असल्यास पायाला विजेचा शेक पूर्ण वर्ज्य सांगावा. तान्ह्या बाळाजवळ विजेची गादी किंवा गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी जाणती बाई शेकाचे कापड आधी स्वतःच्या गालाला किंवा मनगटाला लावून पाहते आणि मगच बाळाच्या पोटावर ठेवते. शेक घेणाऱ्याला सांगता येत नाही, म्हणून देणाऱ्याने तपासायचे, हा तिचा नियम आहे. यंत्रात तो नियम बसवण्यास अभियंत्यांना बरीच दशके लागली आणि घरगुती उपकरणांत तो अजून पुरता बसलेला नाही. तोवर ती जबाबदारी घरातील जाणत्या माणसाची आणि त्याला वेळेवर सावध करणाऱ्या वैद्याची आहे.