दाह आवरणारी प्रतिपिंडे

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही न जुळणारे रक्त आढळले, त्याची नोंद १९५२ साली प्रसिद्ध झाली. हाच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. या माणसांच्या रक्तात, ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवरही असणाऱ्या ‘एच’ या रेणूविरुद्ध प्रतिपिंडे असतात. लस टोचलेली नसते, कुणाचे रक्त चढवलेले नसते, तरी ती असतातच. रक्तपेढीला ती सांभाळूनच चालावे लागते. अशा नैसर्गिक प्रतिपिंडांपैकी काही मात्र निरोगी शरीरात दाह भडकू नये म्हणून अहोरात्र राबत असतात.

ती बहुतांशी ‘आयजीएम’ प्रकारची असतात. उंदरांत ती मुख्यतः ‘बी-१’ पेशी तयार करतात, आणि पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही आयजीएमची पातळी जवळपास नेहमीइतकीच भरते. एका रेणूला सहसा दहा हात. एकेका हाताची पकड सैल, पण अनेक हात एकदम चिकटले की सुटका नाही.

पकडायचे कुणाला? शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. मरणाऱ्या पेशीच्या आवरणावर ‘फॉस्फोरिलकोलीन’ हा रासायनिक गट उघडा पडतो. आयजीएम त्याला चिकटते, ‘सी-१-क्यू’ हे प्रथिन येऊन जोडले जाते आणि भक्षक पेशी तो ऐवज गिळून टाकते. गिळताना ती दाह शमवणारी रसायने सोडते. हे वेळेत झाले नाही तर पेशी फुटते, आतला माल सांडतो आणि दाह सुरू होतो. जन्मतः सी-१-क्यू नसणाऱ्या बहुतेकांना ल्युपस हा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार होतो, यावरून या सफाईचे मोल कळावे.

सर्वांत विलक्षण दुवा सॅन डिएगोत सापडला. जोसेफ विट्झटम यांच्या गटाला ऑक्सिडीकृत एलडीएल कोलेस्टेरॉलला चिकटणारे उंदरातले एक प्रतिपिंड मिळाले. ते निघाले न्यूमोकॉकस जिवाणूपासून उंदरांना वाचवणारे, आधीपासून माहीत असलेले ‘टी-१५’! ऑक्सिडीकृत एलडीएलवर असते तेच फॉस्फोरिलकोलीन जिवाणूच्या भिंतीवरही असते. २००३ मध्ये याच गटाने कोलेस्टेरॉल वाढलेल्या उंदरांना न्यूमोकॉकसची लस दिली, तेव्हा त्यांच्या धमन्यांतले थर कमी वाढले. हा निष्कर्ष उंदरांपुरता आहे. हृदयविकार टाळण्यासाठी ही लस घ्यावी, असा सल्ला त्यातून निघत नाही. स्टॉकहोममध्ये साठीच्या लोकांचा अभ्यास झाला, त्यात ज्यांच्या रक्तात फॉस्फोरिलकोलीनविरोधी आयजीएम कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक दिसला.