चुंबकाखालची चुंबळ

बारडोली म्हटले की आमच्या घरात अजूनही १९२८ सालचा साराबंदीचा लढाच आठवतो. वाढीव शेतसारा भरणार नाही म्हणून अख्खा तालुका उठून उभा राहिला आणि त्यातून वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले, ही कथा वडिलांनी आम्हा भावंडांना इतक्या वेळा सांगितली होती की, पुढे धाकटी बहीण लग्न होऊन बारडोलीस निघाली तेव्हा ती सासरी चालली आहे की स्वराज आश्रमात, असा मला प्रश्न पडला होता. तिचे सासर मूळचे नंदुरबारकडचे. तापी खोऱ्यातील रेल्वेच्या वाटेने जी खानदेशी कुटुंबे गुजरातेत उतरली आणि तेथलीच झाली, त्यांतले ते एक. बडोद्याहून सुरत, पुढे उधना आणि तेथून खानदेशाकडे जाणारी गाडी, असा हा प्रवास मी आजवर अनेकदा केला आहे. परंतु यंदा नवरात्राच्या आधी केला तो एका गिटारीसाठी.

बहिणीचा फोन आला होता. “दादा, यांची गिटार विकायला काढलीय. तू एकदा येऊन बघून जा.”

मेहुणे जाऊन तीन वर्षे झाली. दिवसा नोकरी आणि रात्री गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार, असा त्यांचा तीसएक वर्षांचा शिरस्ता होता. ही गिटार त्यांनी मुंबईस एका गोवेकर वादकाकडून जुनी विकत घेतलेली. घडण जपानी, रंग एके काळी लाल. त्यांच्या पाठीमागे ती भाच्याकडे आली. तो ऑर्केस्ट्राही त्याच्याकडेच आला. पण दोन वर्षांत गिटार बिघडत गेली. मी पोहोचलो तेव्हा ती दिवाणावर उताणी पडली होती आणि भाचा तिच्याकडे पाहण्याचे टाळत होता.

“मामा, आवाज बसलाय हिचा,” तो म्हणाला. “दुकानात दाखवली. म्हणाले पिकअप जळालंय. नवीन घालण्यापेक्षा नवी गिटारच घ्या म्हणतात. घेणारा बघितलाय एक. उद्या संध्याकाळी येतोय.”

बहीण पलीकडे भाजी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. पण तिचे निवडणे थांबले होते.

आपल्या जुन्या मंडळींना बेस गिटार म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली बोलणाऱ्या चार जाड तारा, म्हणजे बेस गिटार. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे एक्केचाळीस वेळा कंप पावते. हा अगदी खर्जाचा प्रदेश. तेथील स्वर कानापेक्षा छातीलाच आधी कळतो. पूर्वी हे काम पुरुषभर उंचीचे एक अवजड व्हायोलिन करीत असे. ते वाजवणारा उभ्याने घाम गाळी आणि बाकीच्यांच्या गलबल्यात त्याचे कोणाला ऐकू येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याने १९५१ साली या खर्जाला विजेची गिटार केले. बोटे नेमकी सुरावर पडावीत म्हणून तिच्या मानेवर धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि म्हणून तिचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले. गंमत अशी की या गृहस्थास स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्ती येत होती.

तारांच्या खाली गिटारीच्या अंगात जी काळी पेटी बसवलेली असते तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबकाच्या कांड्या आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेला हा नियम. धरणावरचे जनित्र आणि ही गिटार त्या नात्याने सख्खी भावंडे आहेत. १९५७ पासून फेंडरने ही पेटी दोन तुकड्यांत विभागली: एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. मेहुण्यांची गिटार याच घडणीची.

मी काही गिटारवाला नव्हे. परंतु घरातील आजोबांची बाजाची पेटी गेली चाळीस वर्षे मीच उघडतो आणि मीच बंद करतो. तिने मला एक गोष्ट शिकवली आहे: वाद्य मुके झाले की आधी त्याच्या गळ्याकडे पाहू नये, बैठकीकडे पाहावे. पेटीची पट्टी चिरकू लागली की नवशिका सुरांना दोष देतो, आणि दहांतल्या सहा वेळा पट्टीखालचे कातडे किंवा नमदा झिजून हवा गळत असते.

भाच्याला म्हटले, “वाजव.” त्याने वाजवली. दोन बारीक तारा ठणठणीत बोलत होत्या. दोन जाड तारा मात्र शेजारच्या घरातून ऐकू याव्यात तशा.

येथे मला पहिली शंका आली. या घडणीत दोन्ही तुकड्यांचे वेढे एकामागोमाग एक जोडलेले असतात, माळेतील दिव्यांसारखे. एक तुटला तर दोन्ही जावयास हवेत. म्हणजे पिकअप जळाले हे काही खरे नव्हे. मग भाच्यास जाड तार अगदी शेवटच्या पट्टीवर दाबून धरावयास सांगितली, म्हणजे ती पिकअपच्या जवळ येते. तार छेडताच आवाज ठसठशीत उमटला. दोष वेढ्यांत नव्हता, अंतरात होता. आणि पिकअप वर घेण्यासाठी कडेचे दोन स्क्रू फिरवले तर ते नुसतेच फिरत होते. स्क्रू वर येई, पेटी जागची हलत नसे. आवाज बसला आहे, असे भाचा म्हणाला होता ते शब्दशः खरे होते. आवाज खाली जाऊन बसला होता!

याचे कारण असे. ते स्क्रू पेटीला फक्त खाली दाबून धरतात. तिला वर उचलण्याचे काम तिच्याखालचा स्पंजाचा, म्हणजे फोमचा, तुकडा करतो. खालून फोम रेटतो, वरून स्क्रू अडवतो, आणि या दोहोंच्या ओढाताणीत पेटी हवी त्या उंचीवर तोलून राहते. आपली तबलजी मंडळी तबला चुंबळीवर ठेवतात ना, किंवा पाण्याला जाणाऱ्या बाया डोईवर घागरीखाली चुंबळ घेतात, तसेच हे. चुंबळ गेली की घागर डुचमळणारच.

तारा सैल केल्या, दोन स्क्रू काढले आणि जाड तारांखालचा तुकडा हळूच उचलला. हळूच अशासाठी की त्याखालून निघालेली बारीक वायर ओढली गेली तर जळाल्याचे भाकीत खरोखरच खरे व्हायचे. खाली खोबणीत फोम नव्हता. होता तो काळपट, चिकट भुगा. पॉलियुरेथेन नावाचे हे द्रव्य जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली शोधले. गाद्यांपासून बुटांच्या तळव्यांपर्यंत ते सगळीकडे गेले. परंतु त्याच्या काही जातींना दमट हवा सोसत नाही. हवेतील पाणीच त्यांची वीण उसवते. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचा तळवा एके दिवशी भाकरीसारखा तुटून पडतो, जुन्या लाउडस्पीकरची मऊ कड बोट लावताच ढासळते, ती याचमुळे. दक्षिण गुजरातेतील इतके पावसाळे त्या बोटभर फोमने काढले, हीच त्याची कमाई.

भुगा काडीने खरवडताना खाली आणखी काहीतरी लागले. चार घड्या घातलेला पुठ्ठा. पेटी खचू लागली तेव्हा ऐन कार्यक्रमात मेहुण्यांनीच तो खाली सारलेला असणार. उलगडला तर सिगारेटच्या पाकिटाचे झाकण.

बहिणीने ते हातात घेतले. तिच्या हळदीकुंकवाची शपथ घेऊन मेहुण्यांनी सिगारेट सोडली होती आणि त्या गोष्टीचा उल्लेख ती गेली वीस वर्षे सर्व नातेवाइकांत अभिमानाने करीत असे. पुठ्ठ्याकडे तिने बराच वेळ पाहिले. “म्हणजे गरब्याला गेले की ओढत होते तर,” ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. पुठ्ठा परत मिळाला नाही. तो तिने आपल्या डब्यात ठेवला.

आता नवी चुंबळ हवी होती. सर्वांत सोपा साधा स्पंज, पण त्याचे पुन्हा तेच व्हायचे. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा, दाबला तरी परत उसळणारा फोम पाहिजे. काहीजण त्याऐवजी बारीक स्प्रिंगा किंवा सिलिकॉनच्या नळीचे तुकडे घालतात. सुरतेस जाऊन आणण्यास वेळ नव्हता, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचे होते. विचार करता करता मी सवयीने गुडघा चोळू लागलो आणि हाताला पट्टा लागला. डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याचा पट्टा! निओप्रीनचा. ज्याचे पाणबुडे पोशाख घालतात तेच हे कृत्रिम रबर. पाण्याला दाद न देणारे.

“मामा, नको, तुमचा गुडघा—” भाचा म्हणाला. मी कात्री मागितली.

आगपेटीहून किंचित लहान असे तीन तुकडे कापले. ते एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून बहिणीने सुईदोऱ्याने कोपऱ्यांवर टाके घातले. गोंद मुद्दाम टाळला. पुढे ज्याला हे उघडावे लागेल त्याने आपल्याला शिव्या देऊ नयेत. गड्डी खोबणीच्या गरजेपेक्षा थोडीच उंच ठेवली, कारण फार ताठ चुंबळ घातली तर स्क्रूवर ताण येऊन ते लाकडातून उपटतात. दुसऱ्या तुकड्याखालचाही फोम मरणपंथास लागलेला होता. त्याचीही तीच व्यवस्था केली.

मग उंची. तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरायची आणि तारेपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंत दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवायचे. जाड तारेचा झोका मोठा, म्हणून तिला थोडे अधिक. लांब ठेवले तर आवाज मरतो. फार जवळ आणले तर चुंबकच तारेला ओढू लागतो आणि सूर डळमळतो. स्क्रू फिरवताच या वेळी पेटी तोऱ्यात वर आली. शेवटचे पाव पाव फेरे मात्र भाच्याने कानाने दिले. ती माझ्या मोजपट्टीची हद्द नव्हती.

त्याने जाड तार मोकळी छेडली आणि समोरच्या फडताळातील पेले किणकिणले. बहीण स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. त्या घरात तो आवाज तीन वर्षांनी असा भरला होता.

आपल्या बडोद्याला वाद्यांचे वेड नवे नाही. मौलाबक्षांची गायनशाळा येथे १८८६ पासून चालू झाली. अखिल भारतीय संगीत परिषदेची पहिली बैठक १९१६ साली भातखंड्यांनी येथेच भरवली. फैयाज खाँसाहेबांचा दरबारी आवाज याच शहराने ऐकला. पण त्या आवाजांच्या मागे तानपुरे होते, आणि तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा एक धागा होता. तो धागा केसभर हलला तर जवारी जाते आणि तानपुरा लाकूड होतो. मिरजेचे शिकलगार तलवारींना धार लावण्याचे काम सोडून तंबोरे घडवू लागले, तेव्हा त्यांनाही या धाग्यापुढे नमावेच लागले असेल. गवयाचे नाव राहते. धागा, चुंबळ, नमदा यांची नोंद कोठेच होत नाही. ती झिजली की आपण म्हणतो, वाद्य म्हातारे झाले, काढून टाका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक आले. भाच्याने त्यांना चहा दिला, गिटार वाजवून दाखवली आणि विकायची नाही म्हणून सांगितले. ते गृहस्थही वादकच. त्यांनी रागावण्याऐवजी विचारले, “पिकअप कोणतं घातलंत?”

“आमच्या मामांचं,” भाचा म्हणाला.

गरब्यास २०२३ साली युनेस्कोच्या यादीत मानाचे स्थान मिळाले. पहिल्या माळेच्या रात्री बारडोलीच्या मैदानात खुर्ची टाकून मी तो पाहत बसलो होतो. शेकडो पावले एकाच वेळी जमिनीवर पडत होती आणि त्या पावलांच्या खाली, अगदी तळाशी, मेहुण्यांच्या गिटारीचा खर्ज चालला होता. बहीण शेजारी बसून हाताने ताल धरीत होती. पट्ट्यावाचून माझा गुडघा चांगलाच ठणकत होता. पण तोही, खरे सांगतो, लयीत ठणकत होता.