काळे आकाश, पांढरा वड

लाला दीनदयाळ १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी हाती कॅमेरा घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांस आश्रय दिला, हे आपल्या शहराचे भाग्यच. त्या काळची कोलोडियनची ओली काच निळ्या प्रकाशालाच काय ती जागी होई. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे आणि झाडे काळपट दिसतात. आपले पणजोबा तशा गावात खासच राहत नव्हते. पण जुने इंदूर म्हटले की आपल्या मनात येते ते तसेच.

अवरक्त फिल्म याच्या नेमके उलट करते. तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्यास न दिसणारे हे किरण हर्शेलला १८०० साली सापडले. रॉबर्ट वुडने १९१० मध्ये त्यांच्या साहाय्याने घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. हिरवे पान हे किरण शोषून न घेता परतवते, म्हणून लालबागेतले वृक्ष हिम पडल्यासारखे पांढरे उमटतात. निरभ्र आकाशाकडून ते फारसे येत नाहीत; ते काळे पडते. माळव्यात याला आश्विन-कार्तिकातले धुतलेले आकाश हवे. वैशाखाच्या धुळीत सारा मामला करडा!

खटाटोप पुष्कळ. जवळजवळ काळा दिसणारा फिल्टर भिंगावर चढला की समोरचे काही दिसेनासे होते. म्हणून तिपाईवर चौकट आधी बांधावी, फिल्टर मग. प्रकाशमापकाचा भरवसा नाही, तेव्हा एकाच दृश्याची कमीअधिक वेळ देऊन तीन-चार चित्रे घ्यावी लागतात. कोडॅकने आपली नामांकित अवरक्त फिल्म २००७ मध्ये बंद केली. आज मिळणाऱ्या फिल्मा तितक्या दूरचे पाहत नाहीत, आणि स्वस्तही नाहीत.

माणसांवर हा प्रयोग जपून करावा. कातडी मेणासारखी दिसते, आणि कित्येक काळे रंग या किरणांत फिके पडतात. संक्रांतीची चंद्रकळा पांढरी उमटली तर घरातल्या वडीलधाऱ्या बायका काय म्हणतील, ते सांगावयास नको.

खरी पंचाईत खान नदीची. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी तिचे पाणी या फिल्मवर काळ्या आरशासारखे उतरते. ना रंग, ना मळ. जलपर्णी माजली असेल तर तिथे शुभ्र गालिचा अंथरलेला. म्हणजे नदी जितकी बिघडलेली, तितके चित्र देखणे! हे मला रुचत नाही. हीच नदी पुढे सांवेर तहसिलीतून क्षिप्रेस मिळावयास जाते. पौषात तिथला हिरवा गहू या फिल्मवर बर्फाच्या शेतासारखा दिसेल, आणि ते चित्र खुशाल दिवाणखान्यात लावावे. पण सांवेरला निघताना पिशवीत साध्या रंगीत फिल्मचा एक रोल असावा, आणि तिपाई न हलवता त्याच जागेवरून नदीचे दुसरे चित्र घ्यावे.